पाच महिन्यांच्या बाळाला सगळं बघायचंय, छातीशी राहायचं नाही : कॅरिअर कोणता आणि घ्यायचं कसं?

केवडा

लेक परवा पाच महिन्यांची झाली. वजन साडेसहा किलो. मान छान धरते, पालथी पडते, अजून बसत नाही. तिला एकच वेड आहे, बघायचं. फिरता पंखा, समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे, जिन्यातून जाणारं कुणीही. छातीशी घेतलं की दोन मिनिटांत दोन्ही हातांनी मला रेटा देते आणि मान मागे वळवून अशी ताणते की माझाच जीव वरखाली होतो. कडेवर मात्र तासभर गप्प असते.

आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. दिवसभर मी आणि ती, दोघीच. भाजी आणणं, कपडे वाळत घालणं, बँकेत जाणं, सगळं उजव्या हाताने चाललंय. डाव्या मनगटात अंगठ्याच्या बाजूने कळ येते, दुधाचं पातेलंसुद्धा त्या हाताने उचलवत नाही. डॉक्टर म्हणाले, बाळ उचलून उचलून होतं, हाताला आराम द्या. आराम द्यायचा म्हणजे तिला ठेवायचं कुठे?

बारशाला एक कॅरिअर, म्हणजे बाळाला अंगाशी बांधून न्यायचा झोळीसारखा पट्टा, आला होता. त्यात दोन मांड्यांच्या मध्ये वितीपेक्षाही अरुंद पट्टा आहे, त्यावर बाळ बसतं आणि पाय सरळ खाली लोंबतात. दुकानात विचारलं तर म्हणाले, समोर तोंड करून बसवा, सगळे तसंच नेतात. बसवलं. पहिली दहा मिनिटं खूश, मग जी रडायला लागली ती थांबेना. काढून बघते तर जांघेत दोन्हीकडे लाल वळ. त्या दिवसापासून तो कपाटात आहे.

बाळाचा चेहरा बाहेर ठेवून नेणं खरंच चांगलं का? नसेल तर अशा बघ्या बाळाला कसं घ्यायचं? आणि कोणता कॅरिअर घेऊ? पुन्हा चुकीच्या वस्तूवर पैसे घालवायचे नाहीत. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच आहे, की एवढं अंगावर घेतलंस तर तिला हाताची सवय लागेल.

---

ओसरी

केवडा, पहिली गोष्ट, तो अरुंद पट्ट्याचा कॅरिअर बाहेर काढूच नकोस. त्यात बाळाचं सगळं वजन जांघेवर येतं, वळ त्याचेच आहेत.

नवीन घेताना एकच गोष्ट आधी बघ. बाळाच्या खालचं कापड एका गुडघ्याच्या लवणीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या लवणीपर्यंत पोचतं का? पोचत असेल तर मांड्यांना पूर्ण आधार मिळतो, गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर राहतात आणि बाळ उकिडवं बसल्यासारखं बसतं. समोरून पाहिलं तर इंग्रजी एम दिसतो. पाचव्या महिन्यापासून वापरायचा तर बसण्याची रुंदी कमी-जास्त करता येणारा घे. नाहीतर आत्ता बरोबर बसतो तो दहाव्या महिन्यात अपुरा पडतो, किंवा उलटं, आत्ता इतका रुंद होतो की पाय फाकून ताणले जातात.

आता घालायचं कसं, कारण माझं पहिलं महिनाभर इथेच चुकत होतं. कमरेचा पट्टा आपण पोटावर बांधतो. तो जीन्सच्या पट्ट्यासारखा नाही बांधायचा, कमरेच्या दोन्ही बाजूंना जी हाडं लागतात त्यांच्यावर टेकवून घट्ट बांधायचा. वजन हाडांवर जायला हवं. मी सैल बांधायचे, मग सगळा भार खांद्यांवर येऊन संध्याकाळी मान अवघडायची. बाळ बसवलं की दोन्ही हात तिच्या मांड्यांखाली घालून गुडघे वर आणि कुल्ले थोडे खाली सरकवायचे. डबक्यात बसवल्यासारखं. ही हालचाल दर वेळी करायची, दोन सेकंद लागतात. पाठीमागे खांद्याच्या पट्ट्यांना जोडणारी छोटी पट्टी असते, ती मानेशी नको, खांद्याच्या फऱ्यांच्या मध्यावर हवी.

शेवटी एक हात तिच्या पाठीवर ठेवून थोडं पुढे वाक. ती तुझ्या छातीपासून सुटली तर सैल आहे, पट्टे ओढ. ती पण मागे रेटा देते ना, त्याचं अर्धं कारण बऱ्याचदा सैलपणाच असतो. सैल कॅरिअरमध्ये बाळाला तोल वाटत नाही, म्हणून ते अंग ताठ करतं.

आणि पायमोजे जोडलेला झबला-पायजमा कॅरिअरमध्ये घालू नकोस. गुडघे वर गेले की कापड ओढलं जाऊन अंगठे दाबले जातात. माझा मुलगा यामुळे आठवडाभर रडत होता आणि आम्ही पोटदुखीचं औषध देत होतो.

---

तिळगूळ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. खुब्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यावर अर्धवट माहिती खूप फिरते.

जन्माच्या वेळी खुब्याची वाटी बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते. मांडीच्या हाडाचा गोळा त्या वाटीत नीट बसलेला राहिला तर ती त्याच्याभोवती घडत जाते. पाय वर दुमडलेले आणि बाजूला उघडलेले असतात तेव्हा गोळा वाटीत सर्वांत छान बसतो. पाय सरळ करून एकमेकांना जोडून ठेवले तर तो बाहेरच्या बाजूला सरकू बघतो. जपानमध्ये बाळाचे पाय सरळ ठेवून गुंडाळण्याची जुनी रीत होती. १९७५ च्या सुमारास ती सोडून देण्यासाठी तिथे देशभर मोहीम झाली आणि त्यानंतर खुबा निखळण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. म्हणून आपल्याकडे दुपट्यात बाळ घट्ट बांधतात, तिथेही मी प्रत्येक आईला सांगते : वरून हवं तर घट्ट गुंडाळा, कमरेखाली सैल सोडा, पाय हलू द्या.

केवडा, घाबरू नकोस मात्र. अरुंद कॅरिअरमध्ये थोडा वेळ बसवल्याने निरोगी बाळाचा खुबा निखळतो असं काही सिद्ध झालेलं नाही. पहिल्या सहा महिन्यांत मांड्यांना आधार देणारी पद्धत निवडावी, इतकंच. घरात कुणाला खुब्याचा त्रास असेल किंवा बाळ पायाळू जन्मलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून खुबे तपासून घे.

आणि ती कडेवर का गप्प बसते, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कडेवर बाळ आपल्या कमरेला दोन्ही पायांचा विळखा घालून बसतं, पाय बरोबर त्या एम आकारात. पाठ किंचित गोल. शिवाय मान वळवली की जग आणि परत वळवली की आईचा चेहरा. जन्मलेल्या बाळाला साधारण वीतभर-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं, म्हणजे आपल्या चेहऱ्याइतकं लांब. चार-पाच महिन्यांना नजर खोलीच्या पलीकडे जाते. ती तुझ्या छातीला कंटाळलेली नाही, तिला लांबचं दिसायला लागलंय.

मनगटाचं : बाळ उचलताना अंगठा आणि बोटं इंग्रजी एलसारखी फाकवून काखेत घालू नकोस. तळवे वर करून, अंगठा बाकीच्या बोटांना चिकटवून, एक हात कुल्ल्यांखाली आणि एक पाठीखाली, असं सुपात घेतल्यासारखं उचल. रात्री अंगठ्याचा स्प्लिंट, म्हणजे अंगठा स्थिर ठेवणारा आधारपट्टा, लाव. सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर हाडांच्या डॉक्टरांना दाखव.

---

पायवाट

मी मँचेस्टरला असते. इथे स्लिंग लायब्ररी असतात, पुस्तकांसारखे कॅरिअर दोन-चार आठवडे घरी न्यायचे, जमला नाही तर परत. माझा मुलगा अगदी तुझ्या लेकीसारखा होता. मी पाच प्रकार नेले आणि शेवटी रिंग स्लिंगवर थांबले, कारण ती म्हणजे कापडाने केलेलं कडेवरच आहे.

लांब सुती कापड, एका टोकाला दोन कड्या. कड्या खांद्याच्या खोबणीत, कापड खांद्यावर पसरलेलं, चुरगळून दोरी झालेलं नको. बाळाला आधी मोकळ्या खांद्यावर उंच घ्यायचं, मग खालून पाय धरून कापडातून खाली कमरेपर्यंत सरकवायचं. कापडाची खालची कड दोन्ही गुडघ्यांखालून नेऊन बाळाच्या आणि आपल्या पोटाच्या मध्ये चांगली वीतभर खोचायची. सगळा खेळ या खोचण्यात आहे, ती कड सुटली तर बाळ खालून घसरतं. मग कड्यांतून येणारं कापड एकदम हिसडायचं नाही. वरची कड, मधलं, खालची कड, असं पट्ट्या-पट्ट्यांनी ओढायचं. तिला हात बाहेर हवे असतील तर आता मान पक्की आहे म्हणून वरची कड काखेपर्यंत आली तरी चालते. झोपली की ती कड मानेपर्यंत वर घ्यायची.

घरी शिवणार असशील तर कड्या मात्र स्लिंगसाठीच्या, बिनजोडाच्या घे. पडद्याच्या किंवा पर्सच्या कड्या जोडावर उघडतात.

समोर तोंड करण्याबद्दल. मान पूर्ण धरल्याशिवाय अजिबात नाही. बहुतेक चांगल्या कॅरिअरवाल्या कंपन्याही पाच-सहा महिन्यांनंतरच, तेही थोडाच वेळ, असं सांगतात. मी पंधरा-वीस मिनिटांच्या वर ठेवलं नाही. बाळाला त्या बाजूने सगळं एकदम अंगावर येतं : गाड्या, दिवे, गाल ओढणारे लोक. आणि नको झालं तर तोंड लपवायला जागाच नसते. तुझी लेक दहा मिनिटांनी रडली ती जांघेमुळे, आणि मला वाटतं यामुळेही. झोप आली तर लगेच उलटं वळवून छातीशी घ्यायचं, कारण समोर तोंड असताना डोकं पुढे लुडकतं आणि श्वास कोंडू शकतो.

इथे सगळ्यांना शिकवतात ते पाच मुद्दे मी अजून रोज बघते. कापड घट्ट हवं. बाळाचा चेहरा नुसती मान खाली केली की दिसायला हवा. ओठ टेकवता येतील इतकं डोकं जवळ हवं. हनुवटी छातीला टेकलेली नको, खाली दोन बोटं जातील इतकी जागा हवी. आणि पाठीला आधार. चार महिन्यांखालच्या, कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांना हे जास्तच लागू, त्यांचा श्वास आवाज न होता अडकतो. आडवं झोपवायच्या पिशवीसारख्या स्लिंग म्हणूनच नकोत.

---

राघूमैना

मी साताऱ्याकडची, अडुसष्ट वर्षांची. तुमचं वाचून माझी आई डोळ्यांसमोर आली. भांगलणीला जाताना धाकट्या भावाला ती जुन्या लुगड्याने पाठीशी बांधायची. एक फेर त्याच्या कुल्ल्यांखालून, एक पाठीवरून, आणि दोन्ही टोकांची गाठ स्वतःच्या छातीवर. गाठ मारल्यावर एकदा उडी मारून बघायची. तो तिच्या खांद्यावरून पुढे बघत असायचा, तिच्या अंबाड्यातलं फूल ओढायचा. रडलेला मला आठवत नाही. ऊन चढलं की बांधावरच्या आंब्याला झोळी.

केवडाबाई, सासूबाईंवर रागावू नकोस. आम्हालाही आमच्या सासवांनी हेच सांगितलं आणि आम्ही पुढे सांगितलं. पण माझी तिन्ही मुलं माझ्या कडेवर वाढली आणि चालायला लागल्यावर कडेवर थांबायला एकही तयार नव्हतं.

---

पायवाट

आजी, तुम्ही लिहिलेली गाठ मी आजच करून बघणार. आणि हाताच्या सवयीवर एक अभ्यास आहे तो सांगते. १९८६ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये डॉक्टरांनी काही आयांना बाळाला रोज जास्त वेळ घ्यायला सांगितलं, नुसतं रडल्यावर नाही, शांत असतानाही. त्या बाळांचं रडणं सहाव्या आठवड्यात दुसऱ्या गटापेक्षा ४३ टक्के कमी भरलं.

आणि हे परदेशी खूळ आहे असं घरी कुणी म्हणालं तर हे सांग : अॅन मूर नावाची अमेरिकन परिचारिका १९६० च्या दशकात आफ्रिकेतल्या टोगोमध्ये कामाला होती. तिथल्या आयांच्या पाठीवरची शांत बाळं बघून तिने परत गेल्यावर आपल्या मुलीसाठी तसलं शिवून घेतलं. त्यातून स्नगली नावाचा कॅरिअर निघाला, १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. तेच पुढे मॉलमधून आपल्याकडे आलं.

---

सह्यवारा

इथे एका बापाचंही ऐका. आमच्या घरी मुलगा जास्त वेळ माझ्याच अंगावर असायचा, बायकोचं सिझर झालं होतं आणि कमरेचा पट्टा टाक्यांवर यायचा. दोघांनी वापरायचा असेल तर पट्टे पटकन लहान-मोठे होणारा घ्या. माझी छाती ४२, तिची ३४, रोज सकाळी यावरच दहा मिनिटं जायची. शेवटी माझ्या मापावर पट्ट्याला लाल दोऱ्याचा टाका घातला.

ट्रेकसाठी पाठीवर धातूची चौकट असलेले कॅरिअर मिळतात. बाळ आधाराशिवाय स्वतः बसायला लागल्याशिवाय त्यात बसवू नका, त्यात मानेला-पाठीला कापडासारखा आधार नसतो. आणि बाळ पाठीवर असताना निसरडी वाट, कडा, ओढा, काही नको. आम्ही पर्वतीच्या पायऱ्यांवरच महिनाभर सराव केला. उतरताना गुडघ्यांत किती वजन येतं ते तिथेच कळलं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. झाशीच्या राणीच्या पाठीवरचा दामोदर आपण लहानपणापासून चित्रात बघतो, पण कॅरिअरमध्ये बाळ बांधून दुचाकीवर बसू नका. मी रोज सिंहगड रस्त्यावर बघतो, आई मागे बसलेली, बाळ छातीशी बांधलेलं, हेल्मेट कुणालाच नाही. धडक बसली तर बाळ दोन अंगांच्या मध्ये सापडतं. १५ फेब्रुवारी २०२३ पासून केंद्राचा नियम आहे : नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधलेला सुरक्षा हार्नेस हवा, मुलाला हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. कापडी कॅरिअर म्हणजे तो हार्नेस नव्हे. पाच महिन्यांचं बाळ दुचाकीवर नकोच. चारचाकीतही कॅरिअर उतरवून कार सीटमध्येच.

---

काजवा

नागपूरहून. उन्हाळ्यात कॅरिअर म्हणजे बाळाच्या अंगावर कपड्यांचा एक थर, हे धरून चाला. आत नुसता सुती लंगोट किंवा पातळ बंडी पुरते. मानेच्या मागे हात लावून बघा, घामाने चिकट लागलं की बाहेर काढा आणि पाजा. आतून जाड स्पंज भरलेले कॅरिअर दुकानात मऊ लागतात, आपल्याकडच्या एप्रिलमध्ये ते रजई होतात. आई आणि बाळ यांच्या मध्ये ओला करून पिळलेला पंचा ठेवला तर दोघांनाही बरं वाटतं. पट्टे चघळणार हे नक्की, त्यांना जुन्या धोतराचे तुकडे बटण लावून गुंडाळा, रोज धुता येतात.

आणि फोडणी घालताना बाळ समोर बांधलेलं नको. कितीही घाई असली तरी.

---

केवडा

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मैत्रिणीकडून रिंग स्लिंग आणली. पहिले दोन दिवस जमलीच नाही. कड खोचली की ती पाय ताठ करायची आणि सगळं बाहेर यायचं. मग आधी तांदळाची पाच किलोची पिशवी घेऊन सराव केला, पलंगाच्या कडेला उभी राहून. तिसऱ्या दिवशी तिचं पोट भरलेलं, झोप झालेली असताना घेतली आणि घेतल्याबरोबर चालायलाच लागले. उभी राहिले की तिला चैन पडत नाही, चालत राहिले की बसते. गॅलरीत कपडे वाळत घातले, दोन्ही हातांनी. किती महिन्यांनी!

डाव्या कडेवर घ्यायची सवय होती, आता मुद्दाम उजवीकडेही घेते, मनगटाची कळ थोडी कमी आहे. तरी अर्ध्या तासाने एका खांद्यावर भार येतो. बाजारात लांब जायचं तर पाठीवर घेता येईल का? राघूमैना आजींच्या आईसारखं?

---

पायवाट

तांदळाची पिशवी छान सुचली तुला!

पाठीवर घ्यायचं तर बकलचा कॅरिअर घे, आणि ती आधाराशिवाय बसायला लागेपर्यंत थांब, म्हणजे अजून दीड-दोन महिने. तोपर्यंत बकलच्या कॅरिअरमध्ये छातीशीच घे, पण हात बाहेर काढून आणि थोडी एका बाजूला सरकवून, म्हणजे माझ्या काखेखालून मुलगा बघायचा तशी तीही बघेल. पाठीवर पहिल्यांदा घेशील तेव्हा मागे कुणीतरी उभं हवं. पलंगावर बसून, बाळ आधी कडेवर, मग कॅरिअरसकट काखेखालून पाठीवर सरकवायचं. उंच बांध, तिचे डोळे तुझ्या खांद्याच्या वर यायला हवेत. खाली बांधलं तर तिला तुझ्या पाठीचं कापडच दिसेल आणि पुन्हा रेटा सुरू. चेहरा दिसत नाही म्हणून जिन्यात, दुकानात, जिथे आरसा किंवा काच मिळेल तिथे बघत जा.

---

राघूमैना

आणि केस बांध घट्ट. कानातलं काढून ठेव.

---

केवडा

आजी, कानातलं काल ओढलंच तिने!

आज सकाळी स्लिंगमधून भाजीला नेली. स्टेशनजवळच्या भाजीवालीकडे मेथी निवडत होते, ती कडेवरून वाकून बघत होती. भाजीवालीने तिच्यासमोर कोथिंबिरीची काडी धरली. हिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मी हसले, मग हात पुढे केला आणि काडी मुठीत गच्च धरली. घरी येईपर्यंत सोडली नाही. सासूबाई आल्या आहेत, दारातच त्यांनी ती काडी पाहिली. आता विचारतायत, ते कापड मला बांधून दे, मी हिला खाली बागेत नेऊन आणते. त्यांच्या खांद्याला कड्या कुठे बसवायच्या ते बघतेय. त्यांची उंची माझ्यापेक्षा बरीच कमी आहे, कापड लांब राहतंय. उरलेलं टोक कमरेला खोचलं तर चालेल ना?